नस्ती उपलब्ध नाही

संचालक मंडळाच्या टेबलाशी सात खुर्च्या होत्या आणि सातवीवर कोणी बसत नसे. तिच्यासमोर एक बुटका करडा स्पीकर ठेवलेला असे, एवढंच. ऑगस्टच्या बैठकीत चौथ्या विषयावर तीन विरुद्ध तीन अशी मतं पडली, तेव्हा सगळ्यांच्या माना त्या स्पीकरकडे वळल्या.

"राज्य शासनाचं मत?" अध्यक्षांनी विचारलं.

आवाज आला. तो बाईचाही वाटत नव्हता, पुरुषाचाही नाही.

"प्रस्ताव तत्त्वतः योग्य आहे. तथापि कालौचित्य पाहावे. हाती असलेली मागणी पूर्ण होईपर्यंत काम चालू ठेवण्यास हरकत नसावी."

रेवती मोहरीरचं पेन थांबलं. ती कंपनीची सचिव होती. बैठकीचं इतिवृत्त लिहिणं हे तिचं काम. गेली अकरा वर्षं ती या टेबलाच्या टोकाला बसून लिहीत आली होती आणि पुढचा माणूस काय बोलणार हे तिला बहुतेक वेळा आधीच कळायचं. पण 'कालौचित्य' हा शब्द तिनं आयुष्यात एकाच माणसाच्या तोंडून ऐकला होता. बारावीनंतर तिनं स्कूटर मागितली तेव्हा तो माणूस म्हणाला होता, "मागणी रास्त आहे, पण कालौचित्य पाहावं." तो माणूस म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"चार विरुद्ध तीन. काम चालू," अध्यक्ष म्हणाले. "पुढचा विषय."

*

देशाच्या चिप-मोहिमेतून सहा कारखाने उभे राहिले होते. पैसा केंद्राचा, व्यवस्थापन खासगी कंपनीचं, आणि जमीन, पाणी, वीज ज्या राज्यानं दिली त्या राज्याकडे एक विशेष समभाग. त्या एका समभागाला एक खुर्ची आणि एक मत. सुरुवातीला या खुर्चीवर अधिकारी येऊन बसत. पण उद्या चौकशी लागली तर काय, या धास्तीनं ते कशावरच मत देत नसत. विषय पुढच्या बैठकीवर, मग त्याच्या पुढच्या. चिपचं एक यंत्र जुनं व्हायला दोन वर्षं लागतात आणि एक फाइल फिरायला तीन. शेवटी कायदा बदलला आणि ते मत 'अभिमत' या प्रणालीकडे गेलं.

अभिमतला चाळीस वर्षांच्या सरकारी फाइली वाचायला दिल्या होत्या. फाइलीला सरकारी मराठीत नस्ती म्हणतात, आणि नस्तीवर अधिकारी जे लिहितो ती टिप्पणी. दोन हजारांवर अधिकाऱ्यांच्या टिप्पण्या तिनं वाचल्या. कोण कशावर कसा विचार करतो, किती थांबतो, कशाला नकार देतो, हे शिकून घेतलं. मग प्रत्येक विषयासाठी कुणाच्या विवेकावर किती विसंबायचं याचं माप ठरवलं. ते माप साधं होतं. ज्याच्या निर्णयावर पुढे कधी आक्षेप आला नाही, न्यायालयात नाही, लेखापरीक्षणात नाही, विधानसभेच्या प्रश्नात नाही, त्याचं वजन जास्त. विषय समोर आला की अशा माणसांनी काय केलं असतं ते अभिमत सांगायची, आणि बोलताना त्यांचे शब्दही येत.

प्रत्येक मतानंतर सात दिवसांत कंपनी सचिवानं एक दाखला द्यायचा असे: 'शासनाचे मत पूर्ण व खऱ्या नोंदींवर आधारलेले आहे.' रेवतीनं आजवर असे साठेक दाखले सही करून पाठवले होते. एकही वाचला नव्हता.

*

चौथा विषय मंडळापुढे आला तो करुणा उईकेमुळे.

करुणा मूळची मूल गावाकडची. कारखान्याच्या दुसऱ्या लाइनवर तंत्रज्ञ होती, वय एकोणतीस. मार्चमध्ये एका दुपारी ती रेवतीच्या केबिनच्या दारात उभी राहिली. नोटिस बोर्डावर लिहिलं होतं की सुरक्षेबाबत काही सांगायचं असेल तर कंपनी सचिवांना भेटा. ते वाचून आलेली ती पहिलीच.

"मॅडम, मी भांडायला नाही आली," ती म्हणाली आणि वहीचं एक पान टेबलावर ठेवलं. "लाइनच्या आमच्या भागात आम्ही नऊ बाया आहो. दोन वर्षांत सात जणींचं पोटातलं पडलं. माझं दोनदा."

पानावर नावं होती, पुढे महिने. रेवतीनं ते दोनदा वाचलं. एका नावापुढे 'सहावा महिना' लिहून त्याखाली रेघ ओढलेली होती.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"प्रत्येकीचा डॉक्टर वेगळा. तो म्हणते, होते असं कधीकधी. आम्ही एकमेकींना सांगितलं तेव्हा कळलं, का हे सगळ्यांचंच होऊन राहिलं."

चिप जिथं बनतात त्या क्लीनरूमची हवा जगातली सगळ्यात स्वच्छ हवा, असं पाहुण्यांना सांगितलं जाई, आणि ते खरंही होतं. दवाखान्याच्या शस्त्रक्रियागृहापेक्षा हजारपट कमी धूळ. पण गाळण्या धूळ अडवतात, वाफ अडवत नाहीत. चिप बनवताना सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाला संवेदनशील असं एक द्रव्य पसरतात; ते वार्निशसारखं एका द्रावकात विरघळवलेलं असतं आणि चकती फिरली की द्रावक उडून जातो. तो जातो हवेत. आणि बाहेरची हवा आत घेऊन थंड-कोरडी करणं फार खर्चाचं, म्हणून आतली नव्वद टक्के हवा तीच ती पुन्हा फिरवली जाते. डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा झगा, हातमोजे, मुखपट्टी हे सगळं माणसापासून चिपचा बचाव करतं. चिपपासून माणसाचा बचाव कशानं करायचा, हा विचार आराखड्यात दुय्यम होता. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या लाइनवर लवकर सुकणारा नवा द्रावक आला. जीवघेण्या वायूंसाठी सेन्सर होते. रोज थोडं थोडं आत जाणाऱ्या वाफेसाठी नव्हते.

रेवतीनं बाहेरच्या प्रयोगशाळेकडून हवा तपासून घेतली. अहवालाचं म्हणणं होतं की संबंध नाकारता येत नाही. हवा फिरवण्याची व्यवस्था बदलावी. त्यासाठी लाइन अकरा आठवडे बंद ठेवावी लागणार होती. आणि त्या लाइनवर देशाच्या वीजजाळ्यासाठीच्या चिप बनत होत्या. मार्चअखेरीची मुदत होती.

शासनाचं मत आल्यावर काम मार्चपर्यंत चालू राहणार होतं. म्हणजे आणखी सात महिने.

*

दाखला देण्याआधी मताचा आधार विचारायचा अधिकार सचिवाला होता. दुसऱ्या दिवशी बोर्डरूम रिकामी असताना रेवतीनं तो पहिल्यांदा वापरला.

"विषय चार. मत कोणत्या पूर्वनिर्णयावर आधारलं आहे?"

"मुख्य आधार: सन २००९ची नस्ती. दिव्यांच्या कारखान्यातील वायुवीजन बदलणे. निर्णय: हंगामाची मागणी पूर्ण होईपर्यंत स्थगिती. अधिकारी: म. मो. मोहरीर, सहसचिव. आक्षेप: निरंक. या विषयगटात सदर अधिकाऱ्याचे वजन सर्वाधिक आहे."

मधुसूदन मोरेश्वर मोहरीर. रेवतीनं वडिलांचं पूर्ण नाव वहीत लिहिलं.

तिला जे विचारायचं होतं ते तिनं विचारलं नाही. तिनं भलतंच विचारलं. "सचिवांच्या केबिनमध्ये एक झाड ठेवावं, असा प्रस्ताव आहे."

"हरकत नसावी. मात्र पाणी कोण घालणार याचा उल्लेख प्रस्तावात नाही."

ती हसली. मोठ्यानं हसली, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हे बाबाच होते. 'सहलीला जाऊ दे, पण परत आणायला कोण येणार याचा उल्लेख नाही' म्हणणारे बाबा.

पुढचे तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत ती दार लावून तिथं बसली. खोटेनाटे प्रस्ताव बनवून विचारत राहिली. कॅन्टीनमध्ये दोन भाज्या असाव्यात का. पार्किंगला छप्पर घालावं का. दर तिसऱ्या-चौथ्या वाक्याला बाबा यायचे. मधली वाक्यं दुसऱ्याच कुणाची असत, आणि मग ते पुन्हा यायचे, जसे पूर्वी पेपर वाचता वाचता मान वर करून एखादं वाक्य बोलायचे. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "स्थगितीचा कामगारांच्या प्रकृतीवर परिणाम होईल, हे पाहिलं का?"

"मुख्य पूर्वनिर्णयात प्रतिकूल परिणामाची नोंद नाही."

"परिणाम झाला होता. मोहरीरांना तो माहीत होता."

"त्याबाबत नस्ती उपलब्ध नाही."

"ते झोपत नसत. वर्षानुवर्षं."

"त्याबाबत नस्ती उपलब्ध नाही."

आवाजात काहीच नव्हतं. पण ते वाक्य बाबाच बोलले, आणि मान खाली घालून बोलले, असं तिला वाटलं. ती उठून बाहेर आली.

*

२००९ साली त्या कारखान्यात बारीक, वीज वाचवणारे दिवे बनत. दिव्यात पारा असतो. वायुवीजन जुनं होतं, ते बदलायचा प्रस्ताव वडिलांपुढे आला. वरून निरोप आला की दिवाळीची मागणी निघू दे. त्यांनी तसं लिहिलं. पाऱ्याच्या वाफेनं हात थरथरू लागलेले कामगार कंत्राटी होते. त्यांना घरी पाठवलं गेलं. तक्रार झाली नाही, म्हणून आक्षेपही नाही.

निवृत्तीनंतर एका सकाळी ते रेवतीला म्हणाले होते, "जरा गाडी चालवशील? एका गावी जायचंय." तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. बाबा एका घरात शिरले. खाटेवरचा माणूस पन्नाशीचाही नव्हता; त्याला कप धरता येत नव्हता, चहा बशीबाहेर सांडत होता. बाबांनी त्याच्या हातातली बशी घेतली आणि त्याच्या तोंडाशी धरली. ते कोण आहेत हे त्या माणसाला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलंही नाही. परतीच्या वाटेवर बुटीबोरी लागली. ते एकदम म्हणाले, "फाइल स्वच्छ होती गं. एक खाडाखोड नाही."

त्यानंतर ते दरवर्षी जात राहिले. एकटे.

*

आई धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये एकटीच राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, कान शाबूत. रविवारी सकाळी पोहे खाऊन झाल्यावर रेवतीनं तिला सगळं सांगितलं.

"वाचून दाखव," आई म्हणाली.

रेवतीनं फोनवरून मत वाचलं. 'कालौचित्य' येताच आईनं हात वर करून तिला थांबवलं.

"मेल्यावरही सहीला बसवलं त्यांना," ती म्हणाली. "आणि नेमकी तीच फाइल."

"ती त्यांची सगळ्यात चांगली फाइल आहे, आई. यंत्राच्या हिशेबानं."

"ते गावी जायचे, ते कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही."

"मग तू लिही."

रेवतीनं फोन टेबलावर पालथा ठेवला. "लिहिलं तर त्यांचं नाव जाईल. लोक म्हणतील, मोहरीरसाहेबांनी माणसं आजारी पाडली. त्यांनी जन्मभर जपलेलं सगळं…"

"रात्रभर त्या बाल्कनीत बसायचे ते. नाव गेलं तर जाईल." आईनं बशा उचलल्या. स्वयंपाकघराच्या दारात ती थांबली. "मला एक विचारायचंय. त्यात ते… मजेचं काही बोलतात का गं?"

"बोलतात."

"काय?"

रेवतीनं झाडाचं सांगितलं. आई हसली नाही. तिनं नळ सोडला आणि भांडी घासत राहिली. पाठ वळवलेलीच होती.

*

व्यवस्थापकीय संचालक प्रसन्न अलोणी मूळचा इंजिनीअर. वाईट माणूस नव्हता. दाखला नाकारणारा रेवतीचा मसुदा त्यानं उभ्यानंच वाचला.

"दाखला देत नाहीस म्हणजे मत रद्द. विषय माणसाकडे परत जाणार. कुठला अधिकारी सही करेल? आम्ही सहा महिने लटकणार."

"कदाचित."

"चार हजार लोक काम करतात इथं. ही मोहीम आधीच दोनदा बुडता बुडता वाचली, कारण कुणी निर्णय घेत नव्हतं. अभिमत आली तेव्हा कुठं कारखाना उभा राहिला. हे तुला माहीत आहे, तूच इतिवृत्तं लिहिलीस."

"मला माहीत आहे, प्रसन्न. पण दाखल्यात लिहिलंय, पूर्ण आणि खऱ्या नोंदींवर. नोंद पूर्ण नाही. मी तिथं होते."

"तू त्यांची मुलगी आहेस. हितसंबंध आहे, तुझा शब्द धरणारच नाहीत. आणि हा संबंध आधी जाहीर न करता आज सांगतेयस म्हणून तुला जावं लागेल. मला नको असलं तरी." तो खुर्चीत बसला. "आठवण आहे ती. तेवीस वर्षांपूर्वीची. तुला खात्री आहे, ते असंच म्हणाले?"

हा प्रश्न तिनं स्वतःला आठवडाभर विचारला होता. गाडीत बाबा नेमके काय म्हणाले? 'स्वच्छ' म्हणाले की 'साफ'? आपण त्यांना हवं ते बोलायला लावत नाही ना? अभिमत तरी दुसरं काय करत होती?

"शब्दांची नाही," ती म्हणाली. "बशी धरली होती, त्याची आहे."

सातव्या दिवशी सकाळी तिनं अभिमत चालवणाऱ्या सरकारी विभागाला चार पानं पाठवली. दाखला नाकारत असल्याचं लिहिलं, कारण लिहिलं, वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं, त्या गावाचं नाव लिहिलं. करुणाचं वहीतलं पान सोबत जोडलं. तिला आधी विचारून. मग सही केली.

*

विषय सरकारात एका अधिकाऱ्याकडे गेला. तिशीतला असावा, रेवतीनं त्याला कधी पाहिलं नाही. त्यानं करुणाला फोन केला आणि पाऊण तास बोलला, असं करुणानं नंतर सांगितलं. "शेवटी म्हणे, ताई, सही केली तर माझी बदली होईल. मी म्हटलं, साहेब, आमचं काय झालं ते तर तुम्ही वाचलंच." बाराव्या दिवशी त्यानं सही केली. लाइन अकरा आठवडे बंद राहिली. नंतर त्याची खरोखरच बदली झाली.

बंदच्या काळात तंत्रज्ञांना अर्धा पगार मिळाला. काही बायका करुणाशी बोलेनाशा झाल्या. मार्चची मुदत चुकणार हे उघड झालं, वर्तमानपत्रांत मोहिमेवर टीका आली, आणि त्यात मधुसूदन मोहरीर हे नाव दोन दिवस छापून येत राहिलं. आईनं दोन्ही दिवसांचे पेपर वाचले आणि नीट घडी घालून रद्दीत ठेवले.

रेवतीला ऑक्टोबरात निरोप देण्यात आला. शेवटच्या दिवशी, कपाट रिकामं करून झाल्यावर, ती बोर्डरूममध्ये गेली. विभागानं अभिमतमध्ये दुरुस्ती केली होती. नुसती ती एक नस्ती काढली नव्हती; वादग्रस्त ठरलेल्या अधिकाऱ्याच्या सगळ्या नस्त्या काढल्या होत्या. नियमच तसा होता.

"बोर्डरूममधल्या खुर्च्या बदलाव्यात, असा प्रस्ताव आहे," ती म्हणाली.

"प्रस्ताव मान्य."

तिनं आणखी पाच-सहा प्रस्ताव मांडून पाहिले. उत्तरं व्यवस्थित, बरोबर होती. मग शिपाई दिवे मालवायला आला आणि ती निघाली. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण बाबांना दुसऱ्यांदा पोहोचवून आलो, आणि या वेळी सोबतीला कुणीच नव्हतं.

*

जानेवारीत एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"रेवती मोहरीर? मी शलाका पेठकर. पुण्याकडच्या कारखान्यात कंपनी सचिव आहे, तुमच्यासारखीच." बाई हळू बोलत होती. "तुमचं निवेदन वाचलं मी. आमच्याकडे पाण्याचा विषय आहे. वापरलेलं पाणी नदीत सोडायचं, तात्पुरतं. शासनाचं मत आलंय, चालू ठेवा. मी आधार विचारला. एकाच अधिकाऱ्याचं नाव आलं."

"ओळखीचे आहेत?"

शलाकानं आवाज आणखी खाली आणला. "माझे सासरे आहेत."

रेवती खुर्चीच्या कडेवर बसली. "कधी गेले ते?"

"नाही, नाही. आहेत. बाहेरच्या खोलीत टीव्ही बघतायत. एक्क्याऐंशी पूर्ण झाली. त्या फाइलबद्दल विचारावं की नाही, आठ दिवस ठरवता येत नाहीये. नवऱ्याचं म्हणणं, कशाला या वयात त्रास द्यायचा. म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

फोनमधून टीव्हीचा आवाज येत होता, बातम्यांचा. कुणीतरी खोकलं. मग एक म्हातारा, जरासा चिडका आवाज म्हणाला, "शलाका, कोणाचा फोन आहे?"

रेवतीनं फोन कानाशी घट्ट धरला आणि तो आवाज ऐकत राहिली.

"हॅलो?" शलाका म्हणाली. "आहात ना?"

"आहे," रेवती म्हणाली. "टीव्ही बंद करा. आणि फोन त्यांच्याकडे द्या."